सरी, वरंबा आणि पेड : आफ्रिकी वेण्यांच्या विद्येचा आढावा

ज्या हाताला सागरवेणी येते, त्या हाताला आफ्रिकी कॉर्नरो, म्हणजे टाळूला लागून ओळीनं चालणारी वेणी, अर्धी येऊन चुकलेली असते. ही साधी गोष्ट आमच्या ग्वाल्हेरात, लष्करच्या गल्लीबोळांतल्या पार्लरांत, कुणी सांगताना ऐकू येत नाही. कॉलेजातली मुलगी मोबाइलवर फोटो दाखवते, ‘असं करून द्या’ म्हणते. समोरची बाई व्हिडिओ लावून सुरुवात करते, केस निसटतात म्हणून रबरबँडवर रबरबँड चढवते, भुवया ताणल्या जाईपर्यंत ओढते आणि त्याला ‘आफ्रिकन लुक’ असं नाव देऊन पैसे घेते. दोघींपैकी कुणालाच ठाऊक नसतं की या वेणीला स्वतःचं शिस्तबद्ध तंत्र आहे, तिच्या प्रकारांना नावं आहेत, मोठा इतिहास आहे, आणि ती चुकीच्या ताणानं घातली तर केसांची मुळं कायमची जातात. आफ्रिकी वेणी म्हणजे फोटो बघून उतरवायचा नमुना नव्हे. ती एक पूर्ण विद्या आहे, आणि आपल्या घरातल्या विद्येशी तिचं जवळचं नातं आहे. दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या तरच शिकणाऱ्याला नेमकं काय शिकायचं ते कळतं.

आधी आपल्याकडे काय आहे ते पाहू. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी आपली छावणी स्थिर केली आणि लष्कर हे शहर उभं राहिलं. शिंद्यांबरोबर आलेल्या मराठी घराण्यांनी इथे खोपा आणला, अंबाडा आणला, अंबाड्यावरचं अग्रफूल आणलं, केस विरळ असले तर वेणीत गुंफायचं गंगावन आणलं. तीनपेडी ही रोजची वेणी. चौपेडी आणि पाचपेडी सणासुदीला, हात बसलेल्या बाईकडून घालून घ्यायची. शेपट्याच्या टोकाला गोंडे. इथल्या हिंदी शेजारात राहून आमच्या घरांत ‘चोटी’ही रुळली, आणि सागरवेणीला बऱ्याच जणी ‘सागर चोटी’च म्हणतात. राजस्थान-हरयाणाकडे लहान मुलींच्या डोक्यावर बारीक बारीक मींढ्या गुंफायची पद्धत होती. बंजारा बायका कानांजवळच्या वेण्यांत घुगऱ्या अडकवत. म्हणजे पुष्कळ बारीक वेण्या, वेणीत धातू आणि गोंडे, वेणीत उसने केस, टाळूला लागून चालणारी वेणी, या चारही गोष्टी या देशाच्या हाताला माहीत होत्या. कंपूच्या क्रीडासंकुलात महिला हॉकी अकादमीच्या मुली सरावाला उतरतात तेव्हा त्यांतल्या कित्येकींच्या डोक्यावर कपाळापासून मानेपर्यंत दोन घट्ट वेण्या असतात. धावताना केस डोळ्यांवर येऊ नयेत एवढाच त्यांचा हेतू असतो. पण त्या वेण्या उलट्या सागरवेणीच्या, म्हणजे तंत्रानं कॉर्नरोच्याच घरातल्या आहेत.

याहून जुना पुरावा पाहायचा तर गुजरी महालात जावं. मानसिंह तोमरानं मृगनयनीसाठी बांधलेल्या या वाड्यात ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्यानं संग्रहालय उभारलं, मो. ब. गर्दे यांनी ते लावलं आणि १९२२ मध्ये ते लोकांसाठी उघडलं. गर्द्यांनीच पवाया इथे, म्हणजे प्राचीन पद्मावतीत, उत्खनन केलं. तिथून आलेली गुप्तकाळातली मातीची मुंडकी मी नेहमी चेहऱ्यासाठी नव्हे, केसांसाठी पाहते. बोटभर उंचीच्या मातीत कारागिरानं भांग पाडलाय, कपाळावर कुरळ्या बटांच्या ओळी बसवल्यात, मागे बुचडा बांधलाय. पवायाचाच तो प्रसिद्ध दगडी पट्ट, मधोमध नाचणारी आणि भोवती बसून वाद्यं वाजवणाऱ्या बायका, त्यातही केशरचनेवर कोरणाऱ्यानं मनापासून वेळ घातला आहे. ग्यारसपूरच्या शालभंजिकेपुढे लोक तिच्या ओठांवरच्या हास्यासाठी थांबतात. जरा बाजूला सरकून तिचं डोकंही पाहावं.

अशीच मातीची मुंडकी नायजेरियात नोक संस्कृतीच्या ठिकाणी सापडली आहेत, पवायापेक्षा कितीतरी शतकं आधीची. त्यांच्याही डोक्यांवर ओळी, गाठी आणि शेंड्या बारकाईनं घडवलेल्या आहेत. सिएरा लिओनच्या मेंडे लोकांत सांदे या स्त्रियांच्या मंडळाचे काळे लाकडी मुखवटे असतात. ते बायका स्वतः घालतात, आणि त्यांवर चेहऱ्यापेक्षा केसांची रचना मोठी असते. घाना-आयव्हरी कोस्टकडच्या आकान लोकांत लाकडी फणी ही नुसती वापराची वस्तू नव्हती. तिच्यावर कोरीव काम करून ती भेट दिली जाई, आणि ‘दुआफे’ या नावानं ती त्यांच्या अदिंक्रा चिन्हांतही आहे. आपल्याकडे रुखवतात फणी-करंडा ठेवत, ते आठवावं.

आता केसांकडे वळू, कारण सगळा फरक तिथून सुरू होतो. सरळ केसाचा आडवा छेद जवळपास गोल असतो. घट्ट कुरळ्या केसाचा छेद चपटा, लंबगोल असतो आणि त्याचं मूळच त्वचेत वाकडं असतं. म्हणून तो बाहेर पडतानाच वळत येतो. या वळणांमुळे टाळूतलं नैसर्गिक तेल केसाच्या टोकापर्यंत उतरत नाही, केस कोरडा राहतो आणि प्रत्येक वळणावर तुटायला टेकलेला असतो. मोजमापं सांगतात की आफ्रिकी वंशाच्या लोकांचे केस महिन्याला साधारण पाऊण सेंटिमीटर वाढतात, आपल्यासारख्या आशियाई केसांची वाढ सव्वा सेंटिमीटरच्या आसपास असते. अशा केसाला रोज विंचरणं म्हणजे रोज तोडणं. वेणी त्याला आठवडेच्या आठवडे विश्रांती देते, कंगव्यापासून, धुळीपासून, उन्हापासून. आफ्रिकेत वेणी इतकी विकसित झाली त्याचं सौंदर्य हे एक कारण आहेच. पण तिथे वेणी हा मुळात केस राखण्याचा उपाय आहे, हे लक्षात ठेवलं की पुढची सगळी पद्धत समजते.

उलट बाजूनं पाहिलं तर घट्ट कुरळा केस वेणीत स्वतःच स्वतःला धरतो. टोकाला काही न बांधताही पुष्कळदा वेणी सुटत नाही. आपला सरळ, तेल लावलेला केस घसरतो. म्हणूनच पार्लरातली ती बाई ओढत बसते. ज्या केसाला पकड नाही त्याची पकड ती ताणानं भरून काढते, आणि नेमकी तिथेच चूक होते.

कॉर्नरो प्रत्यक्षात कशी घालतात ते सावकाश पाहू. केस धुऊन, पूर्ण गुंता काढून, टोकाकडून मुळाकडे विंचरलेले हवेत. कुरळे केस आधी ताणून घेतात, पूर्वी दोरा गुंडाळून रात्रभर ठेवत, आता गरम हवेनं. मग लांब टोकदार दांडीच्या कंगव्यानं भांग पाडायचे. वेणी नीट दिसेल की नाही ते भांगातच ठरतं. आफ्रिकेत शिकाऊ मुलीला पहिले कित्येक दिवस नुसते भांगच पाडायला लावतात. आपल्या वाफ्यातली सरी-वरंब्याची आखणी डोळ्यांपुढे आणली तर हे लगेच समजेल: भांग ही सरी, वेणी हा वरंबा, आणि सरी वाकडी गेली तर वरंबा सरळ येत नाही. पूर्व आफ्रिकेत स्वाहिलीतही या वेण्यांना शेतातल्या वरंब्यांचाच शब्द आहे, ‘मतुता’.

दोन भांगांमधली पट्टी मोकळी ठेवून बाजूचे केस चापांनी दूर करायचे. कपाळाच्या कडेला, पट्टीच्या अगदी सुरुवातीला, चिमूटभर केस घेऊन त्याचे तीन पेड करायचे. सागरवेणीत आपण बाजूचा पेड मधल्याच्या वरून टाकतो, त्यामुळे वेणी केसांत बुडते. इथे उलट. उजवा पेड मधल्याच्या खालून आणायचा, तो मधला झाला. मग डावा त्याच्या खालून, आता तो मधला. प्रत्येक वेळी मध्ये आलेल्या पेडात त्याच पट्टीतली, टाळूवरची चिमूटभर बट तर्जनीनं उचलून मिळवायची. पेड खालून गेल्यामुळे वेणी टाळूवर उभी राहते, तिचे तिन्ही पेड वरून दिसतात. बोटं टाळूला टेकलेली हवीत. हात वर उचलला की वेणी सैल पडून लोंबते. पाठीमागे सरकत जायचं, मानेपाशी टाळू संपली की उरलेल्या केसांची साधी तीनपेडी. उचललेली बट दर वेळी सारखी हवी, नाहीतर वेणी कुठे जाड, कुठे बारीक होते. आणि उचलायची ती पट्टीच्या आतलीच. शेजारच्या पट्टीतला एक केस जरी ओढला गेला तरी सरी मोडते, आणि तो केस दिवसभर टोचत राहतो.

सागरवेणी येणाऱ्या बाईला यात नवीन एवढंच: पेड खालून घालायचा, बट फार बारीक घ्यायची, आणि एकीऐवजी आठ-दहा वेण्या शेजारी शेजारी समांतर न्यायच्या. पहिल्याच दिवशी पूर्ण डोकं हाती घेऊ नये. एका बाजूला, कानाच्या वर, एकच वेणी रोज घालून पाहावी. आपल्या सरळ केसांना तेल न लावता, किंचित ओलसर असताना घातली तर पकड पुष्कळ सुधारते. जास्तीच्या ताणाची गरज राहत नाही.

बाकीचे प्रकार यानंतर सोपे वाटतात. बॉक्स ब्रेड्समध्ये टाळूचे चौकोन आखतात आणि प्रत्येक चौकोनातून एक सुटी तीनपेडी सोडतात. चौकोन विटांच्या बांधकामासारखे एकाआड एक सरकवलेले असतात, म्हणजे टाळूवरच्या रेषा सलग दिसत नाहीत. पूर्ण डोक्याला पाच-सहा तास सहज जातात. यात कृत्रिम केस मिळवायचे असतील तर दोन रीती आहेत. जुन्या रीतीत मुळाशीच गाठ बसते आणि सगळा भार तिथे येतो. नव्या रीतीत आधी स्वतःच्या केसांनी वेणी सुरू करून थोड्या थोड्या अंतरावर उसने केस मिसळत जातात. दुसरी रीत वेळखाऊ, पण टाळूला सोयीची. पैसे थोडे जास्त द्यावे लागले तरी तिचाच आग्रह धरावा. दोनपेडी पीळही पुष्कळ चालतो. त्यात दोन्ही पेड आधी एकाच दिशेला वळायचे आणि मग उलट दिशेला एकमेकांभोवती गुंडाळायचे. दोन्ही वळणं एकाच दिशेला दिली तर पीळ लगेच उलगडतो. दोऱ्याची रीत योरुबा लोकांत ‘इरुन किको’ म्हणून प्रसिद्ध आहे. एकेका बटेभोवती काळा सुती दोरा मुळापासून टोकापर्यंत घट्ट गुंडाळतात, आणि अशा ताठ बटा वाकवून, एकमेकींना जोडून डोक्यावर कमानी उभ्या करतात. तिच्यात उष्णता लागत नाही, केस आपोआप ताणले जातात. कुरळ्या केसांच्या मुलीसाठी घरी करण्याजोगी याहून चांगली रीत मला दिसत नाही.

या प्रकारांना आपापल्या भाषेत नेमकी नावं आहेत. योरुबा वेणीकार बाईला ‘ओनिदिरी’ म्हणतात. सगळ्या वेण्या चारी बाजूंनी वर चढून माथ्यावर टोपलीसारख्या एकत्र आल्या तर ती ‘शुकू’. कपाळापासून मानेकडे उतरून तिथेच संपल्या तर ‘कोलेसे’. मानेपासून सुरू होऊन कपाळाकडे आल्या तर ‘इपाको एलेदे’. आपल्याकडे पैठणीच्या पदराची नावं जशी बायकांच्या तोंडी असतात, तशी तिथे वेण्यांची. पश्चिम आफ्रिकेतल्या फुलानी बायका मध्ये एक वेणी आणि बाजूंना पुढे लोंबणाऱ्या बारीक वेण्या घालून त्यांत अंबरमणी आणि नाणी ओवतात. नामिबियातल्या हिंबा बायकांच्या वेण्यांना लाल गेरू आणि लोण्याच्या लेपाचा, ‘ओटजिझे’चा, थर असतो. त्याच देशातल्या म्बालांतू मुलींच्या केसांना लहानपणापासून झाडाच्या सालीची भुकटी आणि चरबी लावत, आणि पुढे त्यांच्या ‘एम्बुवी’ वेण्या प्राण्यांच्या स्नायूंचे तंतू जोडून घोट्यापर्यंत नेत. वयात येणं, लग्न ठरणं, मूल होणं हे टप्पे त्या वेण्यांच्या बदलत्या रूपावरून ओळखू येत. चाडमधल्या बायका ‘चेबे’ नावाची वनस्पतीची पूड तेलात कालवून वेण्यांना लावतात, केसांच्या लांबीवर, टाळूवर नव्हे. बारकावा लहान वाटतो, पण तो जपला म्हणून केस टिकतात.

इथिओपियाचा उल्लेख मराठी वाचकासाठी मुद्दाम करायला हवा. तिथल्या पठारावरच्या ‘शुरुबा’ वेण्या पुढे टाळूला घट्ट आणि मागे मोकळ्या, फुललेल्या असतात. त्या केवळ बायकांच्या नव्हत्या, योद्धे आणि राजेही घालत. सम्राट तेवोद्रोस (कारकीर्द १८५५ ते १८६८) चित्रांत वेण्यांसह दिसतो. आपल्या दख्खनच्या इतिहासातला मलिक अंबर (१५४८–१६२६) याच इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला आणि निजामशाहीचा आधारस्तंभ झाला. त्यानं वसवलेली खडकी म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. जंजिऱ्याच्या सिद्दींनी तर १९४८ पर्यंत राज्य केलं. चारशे वर्षं ज्या लोकांशी आपण लढलो, तह केले, ज्यांच्या हाताखाली चाकरी केली, त्यांचे केस कसे असत, त्यांच्या घरच्या बायका ते कसे राखत, याबद्दल आपल्या इतिहासलेखनाला कधी कुतूहल वाटलं नाही. मला ही उणीव टोचते.

नायजेरियानं ते कुतूहल दाखवलं, तेही छायाचित्रकाराच्या हातून. जे. डी. ओखाई ओजेइकेरे (१९३०–२०१४) यांनी १९६८ पासून बायकांच्या केशरचना टिपायला सुरुवात केली. रस्त्यावर, लग्नात, कचेरीत, बहुतेक वेळा पाठीमागून, साध्या पार्श्वभूमीवर, कृष्णधवल. जवळजवळ हजार छायाचित्रं जमली. देश नुकताच स्वतंत्र झालेला, आणि इंग्रजी अमलात विगांच्या आड गेलेल्या वेण्या पुन्हा अभिमानानं उघड्यावर आलेल्या. वेणी सुटली की ती कला संपते, म्हणून त्यांनी ती नोंदवून ठेवली. आपल्या पाचपेडीची, खोप्याच्या गावोगावच्या प्रकारांची अशी पद्धतशीर नोंद व्हायला हवी. ज्या बायकांच्या हातात ती होती त्या वयानं फार पुढे गेल्या आहेत.

गणितवाल्यांनीही या वेण्यांकडे पाहिलं आहे. अमेरिकी अभ्यासक रॉन एग्लॅश यांच्या ‘आफ्रिकन फ्रॅक्टल्स’ (१९९९) या पुस्तकात गावांच्या रचनेपासून कापडापर्यंत आणि वेण्यांपर्यंत, एकच आकृती लहान होत होत पुन्हा पुन्हा येते ती कशी, हे दाखवलं आहे. कॉर्नरोतला प्रत्येक वेढा आधीच्यापेक्षा जरासा लहान, जरासा वळलेला. ते प्रमाण बदललं की वेणी सरळ न जाता चक्राकार फिरते. शाळकरी मुलांना भूमिती शिकवायला त्यांनी यावर संगणकावरचे खेळही तयार केले.

वेणी घालायला लागणारा वेळ हा या विद्येचा मोठा भाग आहे. नैरोबीच्या केन्याटा मार्केटात एका गिऱ्हाइकाच्या डोक्याला दोन-दोन, तीन-तीन बायका एकदम लागलेल्या दिसतात. भाव, माहेर-सासर, निवडणूक, सगळ्यावर बोलणं चाललेलं असतं. चिमामांडा न्गोझी अदिची यांच्या ‘अमेरिकाना’ (२०१३) या कादंबरीत नायिका वेण्या घालायला सलूनमध्ये बसते आणि त्या बैठकीच्या आधारानं तिचं आयुष्य उलगडत जातं. लेखिकेनं ही जागा फार विचारानं निवडली आहे, कारण इतके तास दुसऱ्या बाईच्या गुडघ्यांशी बसलं की गप्प राहता येत नाही. आपल्याकडेही दुपारी ओट्यावर वेण्या घालताना हेच घडत असे.

या वेण्यांची विटंबनाही झाली, आणि ती सांगितल्याशिवाय हा आढावा प्रामाणिक होणार नाही. गुलामगिरीच्या काळात जहाजावर चढवताना अनेकदा माणसांची डोकी भादरली जात. घराण्याची, गावाची, वयाची खूण पुसण्याचा तो सोपा मार्ग होता. सुरिनामच्या पळून गेलेल्या गुलामांच्या वंशजांत अशी मौखिक कथा आहे की बायकांनी वेण्यांत भाताचे दाणे लपवून नेले. कोलंबियात वेण्यांच्या रेषांत पळून जाण्याच्या वाटा आखल्याचं सांगतात. कागदोपत्री पुरावा नसला तरी त्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या या आठवणी आहेत, त्यांना तशाच मानानं ऐकावं. कागदावरचं मात्र पक्कं आहे. १७८६ मध्ये लुइझियानाचा स्पॅनिश गव्हर्नर मिरो यानं कृष्णवर्णीय स्वतंत्र स्त्रियांना केस रुमालाखाली झाकायला लावले. १९८१ मध्ये रेने रॉजर्स या कर्मचारी स्त्रीनं कॉर्नरोवरच्या बंदीविरुद्ध अमेरिकन एअरलाइन्सवर खटला भरला आणि ती हरली. न्यायालयानं वेणीची तुलना दोनच वर्षांपूर्वी आलेल्या एका सिनेमाशी केली, ज्यात बो डेरेक या गोऱ्या नटीनं तशाच वेण्या घातल्या होत्या. हजारो वर्षांची विद्या, आणि न्यायालयाला ती सिनेमातून आलेली टूम वाटली! २०१६ मध्ये प्रिटोरियाच्या मुलींच्या शाळेत केसांच्या नियमांविरुद्ध विद्यार्थिनी उभ्या राहिल्या, तेरा वर्षांची झुलैखा पटेल त्यांच्या पुढे होती. कॅलिफोर्नियानं २०१९ मध्ये ‘क्राउन’ कायदा करून नोकरीत आणि शाळेत नैसर्गिक केस आणि वेण्यांवरून भेदभाव करायला मनाई केली. नंतर इतर राज्यांनीही तसे कायदे केले.

मग ग्वाल्हेरच्या मुलीनं ही वेणी घालावी का? माझं उत्तर स्पष्ट हो आहे, पण फोटोतली अनामिक टूम म्हणून नव्हे. तिचं नाव माहीत असावं, ती कुणाची आहे ते सांगता यावं, आणि शहरात शिकायला आलेली आफ्रिकी मुलगी ही विद्या जाणत असेल तर तिच्याकडून शिकून तिला तिच्या वेळेचे आणि हाताचे पैसे द्यावेत. पुण्यात कित्येक वर्षांपासून आफ्रिकी विद्यार्थी शिकत आहेत. त्यांना सोसायटीत घर मिळताना काय काय ऐकावं लागतं ते आपण जाणतो. त्यांची वेणी हवी आणि शेजार नको, हे मला मान्य नाही. आणि जरा घरातही पाहावं. आपल्याच कुरळ्या केसांच्या मुलींना आपण लहानपणापासून ‘झिपरी’ म्हणतो, शाळेच्या फोटोआधी तेल चोपडून केस चपटे करतो, लग्नाच्या वयात यंत्रानं सरळ करून घ्यायला पाठवतो. त्या मुलींना आफ्रिकेच्या या विद्येचा सगळ्यात जास्त उपयोग आहे. ज्या केसाला आपली फणी चालत नाही, त्याला कसं वागवायचं ते तिनं फार पूर्वी शोधून ठेवलं आहे.

आता धोक्याकडे. सतत ताणानं मुळं दुखावून केस कायमचे जाणं याला त्वचारोगतज्ज्ञ ट्रॅक्शन अ‍ॅलोपेशिया म्हणतात. त्याचं पहिलं वर्णन १९०७ मध्ये झालं, आणि ते आफ्रिकेतलं नव्हे, ग्रीनलंडमधल्या घट्ट केस बांधणाऱ्या बायकांचं आहे. म्हणजे दोष कुठल्या एका वेणीचा नाही, ताणाचा आहे. दक्षिण आफ्रिकेत केप टाउनच्या नोनलानला खुमालो यांच्या अभ्यासात पाहणी केलेल्या प्रौढ स्त्रियांपैकी जवळजवळ एकतृतीयांश स्त्रियांत ही लक्षणं आढळली. घट्ट पगडीखाली केस बांधणाऱ्या शीख मुलांतही ती दिसतात. खुणा ओळखायला सोप्या आहेत. वेणी घातल्यावर डोकं ठणकलं, झोपताना कूस बदलवेना, मुळांशी बारीक पुळ्या आल्या, की वेणी त्याच दिवशी सोडावी. ‘दोन दिवसांत सवय होते’ हे पार्लरातलं वाक्य कधीही ऐकू नये. कपाळाच्या आणि कानशिलाच्या कडेचे केस सगळ्यात नाजूक असतात, तिथली बट सैल ठेवावी किंवा सोडूनच द्यावी. लहान मुलींच्या डोक्यावर जड उसने केस चढवूच नयेत. वेळीच थांबलं तर केस परत येतात, वर्षानुवर्षं ताण राहिला तर येत नाहीत.

उसन्या केसांचा विषय आपल्याशी अगदी जोडलेला आहे. वेण्यांत मिसळतात ते बहुतेक कृत्रिम, जपानच्या कानेका कंपनीच्या कानेकलॉन धाग्याचे किंवा त्याच्या नकलांचे. स्वस्त माल कित्येकदा टाळूला खाजवतो. वापरण्याआधी पातळ व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून, धुऊन वाळवले तर त्रास कमी होतो. पण आफ्रिकेत आणि अमेरिकेत विग आणि जोडकेसांसाठी जो खरा मानवी केस वापरतात, त्यातला फार मोठा वाटा भारतातून जातो. तिरुमलाच्या देवस्थानात उतरवलेल्या केसांचे लिलाव होतात. त्याखेरीज आपल्या कंगव्यातलं गुंतवळ, जे भांड्यांच्या किंवा सुट्या पैशांच्या बदल्यात दारावरचा केसवाला नेतो, ते कर्नाटकात कोप्पळजवळच्या भाग्यनगरासारख्या ठिकाणी पोहोचतं आणि तिथे बायका एकेक केस सोडवून, लांबीप्रमाणे लावून जुड्या बांधतात. हा धंदा देशाबाहेर पळू लागला म्हणून केंद्र सरकारनं जानेवारी २०२२ मध्ये कच्च्या केसांच्या निर्यातीवर निर्बंध आणले. लागोसच्या बाजारात ‘इंडियन हेअर’ हा उंची माल मानतात. ज्या बाईनं तो केस सोडवला तिच्या वाट्याला त्यातलं काय येतं, हा प्रश्न वेणीच्या सौंदर्याइतकाच माझ्या मनात राहतो.

शेवटी देखभाल आणि सोडणं. वेण्या घातलेल्या असताना टाळू धुवायचीच असते. पातळ केलेला शाम्पू भांगांत सोडून बोटांच्या पेरांनी हळू चोळावा, भरपूर पाण्यानं धुवावं आणि केस मुळापर्यंत वाळू द्यावेत. ग्वाल्हेरच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ओल्या वेण्या बांधून झोपलं तर टाळूला बुरशी धरते, तेव्हा पावसाळ्यात बारीक आणि दाट वेण्या टाळाव्यात. मे महिन्याच्या लूमध्ये मात्र त्या सोयीच्या. झोपताना गुळगुळीत सॅटिनचा रुमाल बांधावा, सुती अभ्रा केसांतला ओलावा ओढून घेतो. सरळ केसांवर कॉर्नरो आठ-दहा दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये, कुरळ्या केसांवर सुट्या वेण्या सहा ते आठ आठवडे चालतात. सोडताना कात्री हाती घेऊ नये, आपला केस कुठे संपतो ते नीट दिसत नाही. टोकापासून कंगव्याच्या दांडीनं पेड उकलत वर यावं, मुळाशी साचलेल्या मळाला थोडं तेल लावून तो बोटांनी सुटा करावा आणि मगच पाणी घालावं, कारण आधी पाणी घातलं तर त्या मळाची गाठ बसते. हातात केसांचा मोठा पुंजका येतो आणि मुली घाबरतात. पण माणसाचे रोज पन्नास ते शंभर केस एरवीही गळतात, वेणीत ते अडकून राहिलेले असतात आणि एकदम निघतात. गळालेल्या केसाच्या टोकाला पांढरा कंद दिसला तर तो आपल्या वेळेनं गळालेला. कंद नसलेले, मधूनच तुटलेले तुकडे जास्त असतील तर पुढची वेणी सैल घालावी, आणि त्याआधी दोन आठवडे केस मोकळे सोडावेत.